तांबडं होईपर्यंत

आत्या : तो मघाशीच मेला असता. तू बटण धरून का ठेवलंस?

मी : तसंच असतं त्यात. बटण पटकन सोडलं तर साधा वार. धरून ठेवलं तर निशाण पांढऱ्याचं पिवळं होतं, आणखी धरलं की तांबडं. तांबड्यावर सोडलं की सगळ्यात भयानक.

आत्या : आणि मेलेला माणूस तिन्हीत सारखाच मेलेला?

मी : सारखाच.

आत्या : बरं. चालू दे तुझं.

'चालू दे तुझं' म्हणजे संपलं असं समजणारा माणूस माझ्या आत्याला ओळखत नाही. ती साताऱ्याच्या सेशन्स कोर्टात सरकारी वकील होती. खुनाचे खटले चालवण्यातच तिची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी समोरच्याला आधी हवं तितकं बोलू द्यायचं आणि मग त्याच्याच वाक्यात त्याला अडकवायचं, ही सवय काही सुटलेली नाही. मी पुण्यात मालिकांचं साउंड एडिटिंग करतो आणि रात्री कधीमधी जुने गेम खेळत बसतो. त्यातलाच हा 'मॅनहंट'.

एडिनबर्गच्या रॉकस्टार नॉर्थ या स्टुडिओनं केलेला हा गेम नोव्हेंबर २००३ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. नंतरची चार-पाच वर्षं त्याच्यावरून आणि त्याच्या दुसऱ्या भागावरून सेन्सॉर, कोर्टं, दुकानदार आणि वर्तमानपत्रं भांडत राहिली. गोष्ट अशी : जेम्स अर्ल कॅश नावाच्या कैद्याला मृत्युदंड झालेला असतो. विषाचं इंजेक्शन म्हणून त्याला गुंगीचं औषध दिलं जातं. शुद्धीवर येतो तेव्हा कानात बसवायचं एक यंत्र त्याची वाट पाहत असतं आणि त्यातून एक आवाज बोलत असतो. हा लायोनेल स्टार्कवेदर, सिनेमाच्या धंद्यातून बाहेर फेकला गेलेला दिग्दर्शक. कार्सर सिटी नावाच्या मोडकळीला आलेल्या शहरात त्यानं जागोजागी कॅमेरे लावलेत आणि पगारी टोळ्या सोडल्यात. टोळ्यांनी कॅशला शोधायचं, कॅशनं त्यांना एकेक करून मारायचं आणि यानं ते चित्रित करून विकायचं. खेळणारे आपण म्हणजे कॅश.

मी : तू फक्त शेवटचे चार सेकंद बघितलेस. त्याच्याआधी पाच मिनिटं मी अंधारात उभा होतो, ती कोण मोजणार?

आत्या : मोजते की. काय करत होतास पाच मिनिटं?

मी : ऐकत होतो. हा गेम डोळ्यांपेक्षा कानांनी खेळायचा आहे. सावलीत निश्चल उभं राहिलं की समोर आलेला माणूस थेट तुझ्या तोंडाकडे बघतो आणि त्याला काही दिसत नाही. पण धावलं की आवाज होतो आणि ते चारी बाजूंनी येतात. म्हणून भिंतीवर हलकेच टकटक करायची, एकाला बोलवायचं. तो बघायला येतो, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत असतो, मग कंटाळून पाठ फिरवतो. त्याच्या मागे पावलं टाकायची. हळू. तो थांबला की थांबायचं. माझ्या धंद्यात शांततेला किंमत असते. मालिकेत दोन सेकंद शांतता ठेवली तर चॅनेलवाले फोन करतात. इथे शांततेवर अख्खा गेम उभा केलाय.

आत्या : आणि मेलेल्याचं काय करता पुढे?

मी : ओढून अंधारात न्यायचं. दुसऱ्याला दिसलं तर तो सावध होतो.

आत्या : पुरावा नष्ट करणं. जुन्या दंड संहितेचं कलम २०१.

मी : आत्या!

आत्या : सांगते आपलं. तुझी एकेक कृती कलमात बसते. तू म्हणशील त्याला काय अर्थ आहे, ही तर चित्रं आहेत. कबूल. चित्रांना फौजदारी कायदा लागू नाही. पुढे बोल.

पुढे मी लेस्टरचा विषय काढला. खरं तर तो तिनं काढावा अशी माझी अपेक्षा होती आणि उत्तरही तयार होतं. फेब्रुवारी २००४ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात १७ वर्षांच्या एका मुलानं १४ वर्षांच्या मित्राला बागेत नेऊन हातोड्यानं आणि सुरीनं मारलं. मेलेल्या मुलाच्या आईवडिलांनी 'मॅनहंट'ला दोष दिला, वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला आणि इंग्लंडमधल्या काही मोठ्या दुकानांनी गेम फळीवरून काढून टाकला.

आत्या : हेतू काय निघाला?

मी : लुबाडणूक. मारणाऱ्यावर अमली पदार्थांचं कर्ज होतं. आणि पोलिसांना गेमची प्रत सापडली ती मारणाऱ्याच्या खोलीत नाही, मेलेल्या मुलाच्या खोलीत.

आत्या : मग संपलं. मुद्देमाल मयताच्या घरी सापडला, तर त्यावरून आरोपीचं मन वाचता येत नाही. मी हे दोषारोपपत्रात येऊच दिलं नसतं. आईबापांचं मी समजू शकते. पोटचं पोर गेल्यावर कशाला तरी धरावं लागतं. पण कोर्टानं धरायचं नसतं.

मी : म्हणजे तू माझ्या बाजूनं?

आत्या : मी कुठे म्हटलं गेममुळे खून होतात? माझ्या अख्ख्या नोकरीत बांधावरून खून झाले, पाण्याच्या पाळीवरून झाले, दारूवरून, बायकोच्या संशयावरून झाले. कोयता, दगड, वरवंटा, हाताला येईल ते. एकानंही आधी व्हिडिओ गेम खेळला नव्हता. बहुतेकांच्या घरात तेव्हा वीज नव्हती.

मी : अभ्यासही तेच सांगतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे हजार मुलांवर अभ्यास केला, हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांच्यात संबंध दिसला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनंही २०२० मध्ये स्पष्ट केलं की प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. आरडाओरड, ढकलाढकल, एवढ्यापुरता थोडाफार संबंध ते मानतात.

आत्या : असेल. पण मी तुला गेम खेळून तू कोणाला मारशील का, असं विचारलंच नाही. मी विचारलं, बटण का धरून ठेवलंस.

इथे मला पहिल्यांदा जाणवलं की तयार उत्तरं सगळी दुसऱ्याच प्रश्नाची होती. हिंसक गेमवरचा जवळजवळ प्रत्येक वाद याच खड्ड्यात जातो. एक म्हणतो मुलं बिघडतात, दुसरा म्हणतो आकडे दाखवा. आकडे दाखवले की दुसरा जिंकल्यासारखा उठून जातो. आपण खेळताना काय करत होतो, हे दोघांपैकी कोणी बोलत नाही.

मी : धरून ठेवलं कारण त्यात धोका आहे. तांबडं होईपर्यंत थांबायचं म्हणजे त्याच्या मागे अगदी जवळून तेवढा वेळ चालत राहायचं. तेवढ्यात तो वळला तर गेलो. जास्त धोका पत्करला म्हणून जास्त गुण. प्रत्येक दृश्याच्या शेवटी तारे मिळतात. किती वेळात पुरं केलंस आणि कसं मारलंस, त्यावर.

आत्या : तू धैर्याला तारे म्हणतोस. मला ते क्रौर्याला दिसतात.

मी : दोन्ही एकाच बटणावर आहेत.

आत्या : तेच तर म्हणते. एकाच बटणावर का ठेवले? धैर्यच मोजायचं होतं तर मागे किती वेळ चाललास ते मोजता आलं असतं, आणि वार तिन्ही वेळा तोच ठेवता आला असता. करणाऱ्याला हे सुचलं नसेल? त्यानं मुद्दाम दोन्ही एकत्र बांधले, म्हणजे तुला म्हणता यावं, मी तर धाडस करत होतो.

मी : आता तू न्यूझीलंडच्या सेन्सॉरसारखं बोललीस.

आत्या : ते काय म्हणाले?

न्यूझीलंडनं डिसेंबर २००३ मध्ये 'मॅनहंट'वर बंदी घातली. तिथले मुख्य सेन्सॉर बिल हेस्टिंग्ज यांचा आक्षेप रक्तावर नव्हता. गेममध्ये पुढे जायचं तर खेळणाऱ्याला हे खून निदान पत्करावे लागतात, मग ते सोसायची सवय होते आणि हळूहळू त्यात मजा वाटण्याकडे तो सरकू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढल्या वर्षी जुलैत म्युनिकच्या न्यायालयानं गेमच्या प्रती जप्त करायचा आदेश दिला. ऑस्ट्रेलियात आधी १५ वर्षांवरच्यांना परवानगी होती, ती सप्टेंबर २००४ मध्ये काढून घेतली गेली. ब्रिटननं मात्र १८ वर्षांवरच्यांसाठी तो जसाच्या तसा चालू दिला.

आत्या : पत्करणं, सोसणं, मजा. हा माणूस वकील असता तर चांगला झाला असता. बंदी घातली ते मला पटत नाही, पण कारण नेमकं दिलंय.

मी : मग बंदी का पटत नाही?

आत्या : कारण मी 'सखाराम बाइंडर' बघितलंय. १९७२. परिनिरीक्षण मंडळानं नाटक कापायला काढलं होतं आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात जाऊन भांडले. आम्ही मुली कॉलेजातून घरी न सांगता गेलो होतो. तेव्हा मोठ्या माणसांनी आमच्या वतीनं ठरवलेलं मला चाललं नव्हतं, आता मी तुझ्या वतीनं कसं ठरवू?

मी : बघ! आणि त्या नाटकातही शेवटी खून आहे.

आत्या : आहे. सखाराम चंपाचा गळा दाबतो आणि अख्खं थिएटर गप्प होतं. पण नाटककार तेंडुलकरांनी प्रेक्षकाच्या हातात तिचा गळा दिला नव्हता. आणि पडदा पडल्यावर तारेही दिले नव्हते.

मी गप्प बसलो नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला. कॅलिफोर्नियानं २००५ मध्ये कायदा केला होता की अतिहिंसक गेम १८ वर्षांखालच्या मुलांना विकायचे नाहीत. २०११ मध्ये न्यायालयानं तो ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया यांनी ग्रिमबंधूंच्या परीकथांची आठवण करून दिली. हॅन्सेल आणि ग्रेटेल ही पोरं चेटकिणीला भट्टीत भाजतात आणि ती गोष्ट आपण झोपताना सांगतो.

आत्या : गोष्ट ऐकणारं पोर भट्टीचं दार ढकलत नाही.

मी : त्यावरही स्कालियांचं उत्तर आहे. वाचकाला निवड करायला लावणाऱ्या गोष्टींची पुस्तकं आधीपासून आहेत आणि चांगलं साहित्य वाचकाला आत ओढतंच.

आत्या : सगळ्या न्यायमूर्तींना पटलं ते?

मी : नाही. अलिटोंना पटलं नाही. कायदा मोघम आहे म्हणून रद्द करा, एवढ्यापुरते ते बहुमतासोबत होते. पण गेम आणि पुस्तक एकच, हे इतक्या घाईनं मान्य करू नका, असं त्यांनी वेगळं लिहिलं.

आत्या : मग मी अलिटोंच्या बाकावर. कायदा नको, पण दोन्ही एकच आहे असं मला सांगू नका.

आपल्याकडे हा प्रश्न इतका वर कधी गेलाच नाही. सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, नाटकाला मंडळ आहे, गेमला तसं काही नाही. २०१९ मध्ये राजकोटला पबजी खेळतात म्हणून पोलिसांनी पोरांना पकडलं, आणि २०२० मध्ये त्याच पबजीवर देशभर बंदी आली तीही हिंसेमुळे नाही, चिनी कंपन्यांशी असलेल्या संबंधांमुळे आणि माहितीच्या सुरक्षेच्या कारणानं. 'मॅनहंट' मी पहिल्यांदा खेळलो तो कॉलेजच्या हॉस्टेलवर, पायरेटेड सीडीवर. सीडीवर मार्करनं नाव लिहिलेलं. वय वगैरे छापायला मुखपृष्ठच नव्हतं.

मी : आता माझंही ऐक. तू समजतेस तसा हा गेम भोळा नाही. मारण्याच्या क्षणी चित्र बदलतं, हे पाहिलंस ना? एरवी आपण कॅशच्या मागून बघतो. खून होताना एकदम जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातून दिसायला लागतं. दाणेदार, पट्टे पडलेलं, तिरकं. म्हणजे त्या क्षणी तू कॅश राहत नाहीस. तू स्टार्कवेदरच्या जागी बसतेस आणि त्याची फिल्म बघतेस. आणि तो कानात खुशीनं बोलत असतो. प्लेस्टेशनवर हेडसेट लावला तर त्याचा आवाज फक्त तुझ्या कानात येतो, टीव्हीतून नाही. माइकमध्ये तू खोकलीस तर गेममधली माणसंही ऐकतात. हा आवाज ब्रायन कॉक्सचा आहे, पुढे 'सक्सेशन' मालिकेत गाजला तो स्कॉटिश नट. काय आवाज लावलाय! लाडिक, ओलसर, भूक लागल्यासारखा. क्रेग कॉनरचं संगीत त्याच्याखाली जुन्या भयपटांसारखं घुमत राहतं. हा सगळा घाट कशासाठी? गेम तुला सांगतोय, ज्याला हे बघायला आवडतं तो माणूस कसा असतो, ऐक.

आत्या : आरोप कोणावर आहे?

मी : बघणाऱ्यावर. खेळणाऱ्यावर. माझ्यावर.

आत्या : आणि शिक्षा?

मी : शिक्षा म्हणजे?

आत्या : आरोप केला की पुढे काहीतरी व्हायला हवं. खेळणाऱ्यानं तांबड्यावर मारलं की गेम त्याला काय करतो? तारे देतो. आरोपही तोच करणार आणि बक्षीसही तोच देणार? मी असे आरोपी बघितलेत. पकडले गेले की म्हणतात, समाजाचे डोळे उघडावेत म्हणून केलं.

मी : शेवटी कॅश त्या दिग्दर्शकालाच मारतो. त्याच्याच घरात शिरून.

आत्या : किती दृश्यं आहेत एकूण?

मी : वीस.

आत्या : म्हणजे आधी कितीतरी दृश्यं त्याची चाकरी करायची आणि मग बंड. कशानं मारतो त्याला?

मी : … यांत्रिक करवतीनं.

आत्या : म्हणजे त्याच्याच पसंतीनं.

हा वार मला लागला, नाकारत नाही. पण तिचीही एक बाजू लंगडी होती आणि ती मी सोडणार नव्हतो. 'मॅनहंट'च्या उत्तरार्धाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तिथे बंदुका येतात. सावली, टकटक, दबा सगळं मागे पडतं आणि आडोशाआडून गोळ्या झाडण्याचा सर्वसाधारण गेम उरतो. माझ्या मते तिथे तो पडतो. आवाजाचं काम तर साफ संपतं.

मी : तू आता इतकं बोलतेस ते सगळं पूर्वार्धाबद्दल. उत्तरार्धात मी त्याहून कितीतरी जास्त माणसं मारतो, गोळीनं, लांबून, धडाधड. नुसता तेवढाच गेम असता तर न्यूझीलंडनं, म्युनिकनं ढुंकून बघितलं नसतं. त्याच कंपनीचे दुसरे गेम लाखोंनी खपतात, त्यात रस्त्यावरची माणसं चिरडता येतात. युद्धाच्या गेममध्ये शेकडो पडतात, वर पदक मिळतं. या एकाच गेममध्ये एका माणसाला मारायला पाच मिनिटं लागतात, त्याचं पुटपुटणं ऐकावं लागतं, त्याच्या पाठीशी उभं राहावं लागतं. मारणं जड आहे हे कळतं ते इथेच. आणि बंदी इथेच.

आत्या : हं.

(आत्याचा 'हं' म्हणजे मुद्दा नोंदवून घेतला. मान्य केला असा नव्हे.)

आत्या : हे तुझं बरोबर आहे. लांबून मारलेल्याची कोणी चौकशी करत नाही, ते खऱ्या जगातही तसंच आहे. पण जड म्हणतोस ते कोणाला जड? मी पंचनामे वाचलेत, शवविच्छेदनाचे अहवाल वाचलेत. खून इतका नीट होत नाही रे. माणूस ओरडतो, हात धरतो, नाव घेऊन विनवतो, बऱ्याच वेळा लगेच मरत नाही. आणि मग कोर्टाच्या व्हरांड्यात त्याची आई तारखेला तारखेला येऊन बसते. साक्षीदार फितूर होतात, ती तरी येते. तुझ्या गेममध्ये या माणसांना आई आहे का?

मी : नाही. मुद्दाम नाही. सगळे गुंड, खुनी, वेडे. तोंडात शिव्या, द्वेष. दया येऊ नये अशीच त्यांची रचना आहे.

आत्या : मग जड काय राहिलं? हिशेबच चुकता करून दिलाय आधी.

मी : एक मात्र सांगतो, तुझ्या बाजूचं. रॉकस्टारमध्ये पूर्वी काम केलेल्या एकानं २००७ मध्ये लिहिलं होतं की या गेमवरून कंपनीत जवळजवळ बंड व्हायची वेळ आली होती. दुसऱ्या गेममध्ये हिंसेला विनोदाचं आवरण आहे, इथे लपायला जागा नाही, असं त्यांच्याच लोकांना वाटत होतं.

आत्या : हा साक्षीदार तू आत्ता आणतोस होय? चांगला वकील झाला असतास. नको ती साक्ष शेवटपर्यंत दडवतोस.

मग मी तिला दुसऱ्या भागाची हकीगत सांगितली, आणि इथे आत्या खुर्चीत पुढे सरकली, कारण तिला अपील आवडतं. 'मॅनहंट २' रॉकस्टारच्या लंडन स्टुडिओनं केला. जून २००७ मध्ये ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डानं त्याला प्रमाणपत्रच नाकारलं. दहा वर्षांत तिथे कुठल्या गेमला असा नकार मिळाला नव्हता. त्याच सुमारास अमेरिकेत 'फक्त प्रौढांसाठी' असा शिक्का बसला, आणि तो शिक्का असलेला गेम सोनी किंवा निंटेंडो आपल्या यंत्रावर येऊ देत नाहीत. म्हणजे बंदी न घालता बंदी. कंपनीनं काटछाट केली आणि ऑक्टोबरमध्ये तो अमेरिकेत विकायला आला. ब्रिटिश बोर्डानं कापलेलाही नाकारला. कंपनी अपील समितीकडे गेली, डिसेंबरमध्ये जिंकली. बोर्ड हायकोर्टात गेलं, प्रकरण परत समितीकडे आलं, मार्च २००८ मध्ये समितीनं पुन्हा कंपनीच्याच बाजूनं कौल दिला.

आत्या : छान. म्हणजे व्यवस्था काम करते तिकडे. कापलं काय पण?

मी : मारण्याची दृश्यं धूसर केली. ऐन क्षणी पडद्यावर रंगांचा गोंधळ, नीट काही दिसत नाही. मला विचारशील तर ते जास्त वाईट. हात तेच करतात, फक्त काय केलं ते बघावं लागत नाही.

आत्या : एवढंच?

मी : एक-दोन गोष्टी आणखी. आणि क्रूरपणे मारल्याबद्दल शेवटी गुण मिळायचे, ते काढले.

आत्या : थांब. गुण काढले?

मी : काढले.

आत्या : मग तू माझ्याशी तासभर कशावर भांडतोयस? त्यांना माहीत होतं की रे. रक्त धूसर केलं ते लोकांसाठी. गुण काढले ते कारण मुद्दा तिथेच होता. नको तिथे कोणी हात लावत नाही.

मी : गुण काढल्यावर तो गेम बरा झाला असं नाही. मुळातच पहिल्याइतका चांगला नव्हता.

आत्या : ते तुमचं तुम्ही बघा. मला एकच सांग. हा पहिला. सगळी वीस दृश्यं पांढऱ्यावर सोडून पुरी करता येतात का? एकदाही न धरता?

मी : येतात. तारे कमी मिळतात. पण पुढचं दृश्य उघडतं.

आत्या : म्हणजे न्यूझीलंडचे साहेब अर्धे चुकले. मारण्याची सक्ती आहे, तांबड्याची नाही. ते तुझ्यावर सोडलंय.

मी : हो.

आत्या : मग तू पांढऱ्यावर का सोडत नाहीस?

उत्तर मला येत होतं. हॉस्टेलवर खुर्चीमागे आठ-दहा पोरं उभी असायची आणि ओरडायची, 'धर, धर, सोडू नको, अजून धर!' तेव्हा कारण ती पोरं होती. आता खोलीत कोणी नसतं. हे मी तिला सांगितलं.

आत्या : ती पोरं कोणाच्या बाजूची, कॅशच्या की त्या दिग्दर्शकाच्या?

मी : दिग्दर्शकाच्या. उघड आहे. पण आता तर एकट्यानं खेळतो, तरी धरतो. पिवळ्याचं तांबडं होताना छातीत जे होतं ना, त्यासाठीच धरतो. वळेल का, वळेल का, वळला नाही. दुसऱ्या कुठल्या गेममध्ये ते होत नाही.

आत्या : मग हे आधी सांगायचं. माध्यमांवरची टीका आणि बघणाऱ्यावर आरोप कशाला काढलेस?

मी : कारण तेही खोटं नाही. ब्रायन कॉक्सचा तो आवाज उगाच नाही तिथे.

आत्या : नसेल. दोन्ही खरं असेल. पण एक तुझं कारण आहे आणि दुसरं तुझा बचाव. कोर्टात ते वेगवेगळ्या कागदावर लिहितात.

मी : आणि निकाल?

आत्या : निकाल द्यायला मी जज्ज नव्हते कधी. तुझ्या पोराला मात्र अठरापर्यंत दाखवू नकोस, आणि अठराव्या वर्षी दाखवलास तर त्याच्या खुर्चीमागे उभा राहून ओरडू नकोस.

मी : तो माझ्यापेक्षा चांगला खेळेल.

आत्या : त्याचीच तर भीती आहे. बरं, या अख्ख्या गेममध्ये मारण्यापलीकडे कोणाला वाचवायचं असं काही आहे का नाही?

मी : आहे. एका दृश्यात एक दारुडा असतो. शिकारी त्याच्या मागावर असतात आणि त्याला सांभाळून पलीकडे न्यायचं असतं. तो मेला की खेळ संपला. फार वैताग देतो, नको तिथे बडबडतो.

आत्या : ते लाव.

मी : त्यातही मारावंच लागतं, आत्या.

आत्या : ते कळलं रे मला. पण तिथे दुसऱ्यासाठी मारशील. तिथे तरी पांढऱ्यावर सोडतोस का बघू. लाव.